सुतासारख्या केसांत लाटा

शाळेत असताना दोन घट्ट वेण्या घालून, त्या दुमडून कानाशी रिबिनीने बांधायचा नियम होता. त्या वेण्यांचा मला आठवडाभर राग यायचा, फक्त शनिवारी दुपारी यायचा नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की घरी येऊन रिबिनी सोडायच्या, बोटांनी पेड उलगडायचे आणि आरशासमोर उभं राहायचं. एरवी सुतासारखे सरळ लोंबणारे केस त्या दुपारपुरते कानापासून खाली झुळझुळत असायचे. रविवारी न्हायलं की संपलं. पुन्हा सूत ते सूत.

तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण सरळ केसांत लाटा आणायचं सगळं तंत्र त्या वेण्यांत होतं. आई सकाळी पाण्याचा हात लावून चप्प वेणी घालायची, केस वेणीतच वाळायचे आणि वाळताना ज्या आकारात होते तो आकार धरून बसायचे. आज पार्लरमध्ये टाँगिंग करून घ्या, नाहीतर घरी मोज्यावर केस गुंडाळून झोपा, त्यामागचं गणित तेच आहे.

हे गणित एकदा कळलं की पुढच्या युक्त्या आपल्या आपणच सुचतात, म्हणून आधी तेवढं सांगते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना वेगवेगळ्या गाठींनी बांधलेल्या असतात. त्यांतल्या गंधकाच्या गाठी पक्क्या. रोजच्या पाण्याने त्या हलत नाहीत. त्या सोडवायला पर्मिंग किंवा रिबाँडिंगची रसायनं लागतात. दुसऱ्या हायड्रोजनच्या गाठी. एकेक गाठ अगदी कच्ची, पण संख्येने अफाट. पाणी लागलं की या सुटतात आणि पाणी गेलं की केस ज्या वळणात असेल त्याच वळणात पुन्हा बसतात. उष्णतेनेही तसंच होतं: तापल्यावर सैल, गार झाल्यावर घट्ट. म्हणजे लाट बसते ती केस वाळताना किंवा गार होताना. ज्या मैत्रिणी तक्रार करतात की आमच्या केसांत लाट अर्धा तासही टिकत नाही, त्यांच्यापैकी बहुतेकींनी केस दमट किंवा गरम असतानाच सोडलेले असतात. घाईच नडते.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की जे पाण्याने बसलं ते पाण्यानेच उठणार. मग ते पाणी बादलीतलं असो, घामाचं असो की पावसाळी हवेतलं. त्यामुळे 'कायमच्या लाटा, घरच्या घरी' असं कुणी सांगत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. आपण बोलतोय ते एका दिवसाच्या, फार तर दोन दिवसांच्या लाटांबद्दल.

केस आधी लाटेजोगे करा

सरळ केसांची खरी अडचण त्यांचा निसरडेपणा ही आहे. टाळूचं तेल सरळ केसावरून अडथळ्याशिवाय खाली उतरतं. केस चमकतात छान, पण आकडा लावला तरी घसरतो. त्यात केस लांब आणि एकाच रेषेत कापलेले असतील तर खालचं वजनच लाट ओढून सरळ करतं. मागच्या बाजूने थोडे लेअर्स असतील तर तेवढ्याच मेहनतीत दुप्पट परिणाम दिसतो. केस कापायला जाल तेव्हा हे ध्यानात ठेवा. लाटांसाठी म्हणून मुद्दाम केस कापा असं मात्र मी सांगणार नाही.

शक्यतो आदल्या दिवशी न्हा. त्याच दिवशी न्हायलेले केस फार गुळगुळीत असतात, धरायला काही सापडत नाही. कंडिशनर लावायचा तो कानाच्या खाली आणि टोकांना, मुळांशी नाही. आणि खोबरेल तेल लाटांच्या आदल्या रात्री मुळीच नको. तेल चांगलंच आहे, ते लावा आणि न्हाताना धुऊन टाका. पण तेलकट केस जड होऊन लोंबतात, आणि तेलकट केसाला गरम टाँग लावणं म्हणजे केस तळणं. बोअरवेलच्या जड पाण्याने केस राठ होतात, त्यांच्यावर क्षारांचा पातळ थर बसतो. तुमच्याकडे तसं पाणी असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेऊन बघा. एवढ्यानेही हाताला फरक जाणवतो.

आणखी एक गोष्ट न्हाल तेव्हा तपासा. केस पंचाने टिपून, कंगवा न लावता, हात न लावता तसेच वाळू द्या. वाळल्यावर त्यांच्यात कुठे कुठे बाक दिसला, तर तुमचे केस मुळात थोडे लहरी आहेत आणि रोजच्या विंचरण्याने तुम्ही ते सरळ करत आला आहात. अशा केसांना ओले असताना खालून वर मुठीत दाबत नेलं, की निम्मं काम होतं. पण पूर्ण वाळल्यावरही केस पट्टीने आखल्यासारखे सरळ राहिले, तर त्या मुठीत चुरगाळण्याच्या नादी लागू नका. मी वर्षभर ते केलं. माझ्या केसांत लाटा आल्या नाहीत, नुसता गुंता झाला. खऱ्या सरळ केसाला वळवून, बांधून, थांबावं लागतं.

रात्रीची वेणी

सगळ्यात कमी खर्चाची आणि केसाला सगळ्यात कमी त्रास देणारी पद्धत हीच. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं लागतात, सकाळी दोन.

केस किती ओले हवेत, यावर सगळं अवलंबून आहे. मुठीत धरल्यावर गार लागले पाहिजेत, पण तळवा ओला होता कामा नये. न्हाल्यावर लगेच वेणी घातलीत तर आतले पेड सकाळपर्यंत वाळणार नाहीत. दाट केस असतील तर दुपारपर्यंतही नाहीत. शिवाय ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या टाळूला खाज सुटते. म्हणून एक तर संध्याकाळी न्हा आणि केस जवळजवळ वाळू द्या, किंवा कोरड्या केसांवर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारा. इस्त्रीच्या कपड्यांवर आपण पाणी शिंपडतो ना, तेवढंच.

आता वेण्या किती? इथे प्रत्येकीचा हिशेब निराळा. एकच जाड वेणी घातली तर लाट मोठी, सैल आणि फक्त खालच्या अर्ध्या भागात येते. खांद्याच्या खाली केस असतील तरच ती शोभते. दोन वेण्यांनी मध्यम लाट येते, आणि बहुतेकींना हवी असते ती हीच. चार-पाच वेण्या घातल्या की लाट बारीक होते. दहा-पंधरा बारीक वेण्या घालून झोपायचं, हे आपण गॅदरिंगच्या आदल्या रात्री केलेलं आहेच, आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर आपण कशा दिसलो तेही फोटोत आहे. तो फुगारा होता. सैल लाट हवी असेल तर तो मोह आवरा.

वेणी सुरू कुठून करायची हाही प्रश्न असतो. साधी तीनपेडी वेणी मानेपाशी सुरू होते, त्यामुळे वरचे केस सरळ आणि खालचे वाकडे असा मधेच सांधा दिसतो. तो नको असेल तर सागरवेणी घाला, म्हणजे कपाळापासून थोडे थोडे केस घेत मागे जाणारी. मधला भांग पाडून दोन सागरवेण्या घातल्या की लाट डोळ्यांच्या रेषेपासून सुरू होते आणि चेहऱ्याशी फार छान बसते. सागरवेणी स्वतःची स्वतःला जमत नसेल तर घरात कुणाला तरी पकडा. नवऱ्यालाही शिकवता येते, हे मी अनुभवाने सांगते, पहिल्या चार वेळा संयम ठेवावा लागतो इतकंच. खजुरी वेणीने मात्र सैल लाट येत नाही. तिचे पेड फार बारीक, त्यामुळे केस क्रिंपिंग केल्यासारखे दिसतात.

वेणी घट्ट नको. कपाळाची कातडी ओढली जात असेल, झोपताना टाळू दुखत असेल, तर ती वेणी सोडून पुन्हा घाला. रोज घट्ट वेणी बांधली की कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात. लाटेच्या हौसेपायी ते परवडणारं नाही. वेणी टोकापर्यंतही गुंफायची नाही. शेवटची तीन-चार बोटं मोकळी सोडा आणि तिथे रबर बँड न लावता कापडी बँड किंवा मऊ चिंधी बांधा. टोकं सरळ राहिली तर लाट सैल, सहज आलेली दिसते. टोकापर्यंत वळलेली लाट लगेच 'केलेली' वाटते.

सकाळी वेणी सोडण्याआधी मधोमध बोटांनी दाबून बघा. किंचितही गार लागली तर सोडू नका. ड्रायरची साधी गार हवा पाच मिनिटं सोडा, किंवा चहा घ्या. मग खालून वर पेड उलगडा, डोकं खाली घालून मुळांशी बोटं फिरवा आणि सरळ उभ्या राहा. कंगवा लावायचा नाही. लावायचाच तर मोठ्या दातांचा, तोही एकदाच.

ओढणी, मोजे आणि अंबाडा

रात्री विसरलात आणि सकाळी अकराला कार्यक्रम आहे, असं नेहमीच होतं. अशा वेळी माझा पहिला उपाय अंबाड्याचा. केसांवर पाणी फवारून मधला भांग पाडा, दोन भाग करा. एक भाग चेहऱ्यापासून मागच्या दिशेने पिळत न्या, दोरी वळतो तशी. पिळता पिळता तो आपोआप गोल बसायला लागतो. तिथे दोन आकडे लावा. दुसरा भाग उलट बाजूला तसाच. हे दोन छोटे अंबाडे डोक्यावर ठेवून स्वयंपाक उरका, आंघोळ करा, फक्त डोक्यावर पाणी घेऊ नका आणि बाथरूममध्ये वाफ कोंडू देऊ नका. तासाभराने, निघायच्या आधी ड्रायर दोन मिनिटं गरम आणि दोन मिनिटं गार फिरवा, मग सोडा. लाट सैल येते, थोडी वेडीवाकडी येते, आणि मला तीच आवडते.

दुसरी पद्धत ओढणीची. हल्ली यासाठी सॅटिनचे लांब मऊ रूळ विकत मिळतात. जुनी सुती ओढणी पीळ देऊन दोरासारखी केली, तरी काम तेच होतं. ती टाळूवरून आडवी टाका, दोन्ही टोकं कानांवरून पुढे येऊ द्या आणि मध्यावर एक क्लचर लावून पक्की करा. मग कपाळाकडून एक पातळ बट घ्या आणि ओढणीभोवती चेहऱ्यापासून दूर जाईल अशी गुंडाळा; पुढच्या वेढ्याला खालची आणखी एक बट मिसळा. असं करत मानेपर्यंत आलात की उरलेले केस ओढणीभोवतीच वळत खाली न्या आणि टोकाशी बांधा. दुसऱ्या बाजूला तसंच. झोपताना थोडं टोचतं का? नाही, पण पहिल्या रात्री विचित्र वाटतं खरं. या पद्धतीने येणारी लाट वेणीच्या लाटेपेक्षा गोलसर आणि गुळगुळीत असते, पार्लरमधल्या सॉफ्ट कर्ल्सच्या जवळ जाणारी. ओढणी नसेल तर दोन लांब मोजे घ्या, धुतलेले.

जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांवर बटा गुंडाळून गाठ मारायची, हाही याचाच एक प्रकार. त्याने लाट न येता नळीसारखी वळणं येतात. लहान मुलीच्या वाढदिवसाला ती गोड दिसतात. मुलींच्या केसांना गरम टाँग लावण्यापेक्षा चिंध्या कधीही बऱ्या.

दहाच मिनिटं असतील तर

स्ट्रेटनर घरात असेल तर सरळ केसांत लाटा आणायला तो टाँगपेक्षा सोपा, हे ऐकून अनेकींना आश्चर्य वाटतं. केस पूर्ण कोरडे हवेत. हीट प्रोटेक्टंटचा फवारा मारा आणि तो वाळू द्या. चार ते सहा सैल वेण्या घाला. आता स्ट्रेटनरने प्रत्येक वेणी वरून खाली टप्प्याटप्प्याने दाबत जा, एका टप्प्यावर चार-पाच सेकंद, मग पुढचा. ओढायचं नाही, फक्त दाबायचं. जाड वेणीत उष्णता आतल्या पेडापर्यंत जात नाही, म्हणून दाट केस असतील तर वेण्यांची संख्या वाढवा, तापमान वाढवू नका. खालपर्यंत पोचलात की पदर लावा, कानातलं घाला, चपला शोधा. वेण्या हाताला गार लागल्या की सोडा.

टाँगने करणार असाल तर आधी नळीची जाडी बघा. सैल लाटांसाठी 25 ते 32 मिलिमीटरची नळी लागते. 19 ची आणलीत तर नूडल्स होतील. बट साधारण दोन बोटं रुंद. ती गालाच्या हाडाच्या रेषेपासून गुंडाळायला घ्यायची, टाळूपासून नाही, आणि शेवटची तीन बोटं टोकं बाहेरच ठेवायची. टाँगची चिमटी न वापरता केस नुसता नळीवर तिरका गुंडाळला तर वळण जास्त सैल येतं. पण मग बोटं भाजू नयेत म्हणून हातमोजा घाला, बऱ्याचदा तो टाँगच्या खोक्यातच असतो. पाच ते आठ सेकंद पुरतात. चेहऱ्याजवळच्या दोन बटा दोन्ही बाजूंना चेहऱ्यापासून बाहेर वळवा. मागच्या बटा एक उजवीकडे, एक डावीकडे अशा आलटून पालटून वळवा. सगळ्या एकाच दिशेला वळवल्या की थोड्या वेळाने त्या एकमेकींत मिसळून एकच जाड गुंडाळी होते.

सरळ केसांच्या बायकांनी यात एक पायरी वाढवायची आहे, आणि ती बहुतेकजणी गाळतात. बट टाँगवरून उतरवली की लगेच खाली सोडू नका. तळव्यावर तशीच गोल झेला आणि छोट्या क्लिपने डोक्याशी लावून टाका. सगळं डोकं होईपर्यंत पहिल्या क्लिपांतले केस गार झालेले असतात. दहा मिनिटांनी क्लिपा काढल्यावर आधी घाबरायला होईल, कारण डोक्यावर सगळीकडे गोल गोल स्प्रिंगा दिसतील. बोटांनी विस्कटा. अर्ध्या तासात त्या उतरून सैल लाटा होतात. सरळ केसांत नेहमी हव्या त्याहून थोडं घट्ट वळण पाडावं लागतं, कारण ते उतरणारच असतं.

तापमानाचं काय? पातळ किंवा रंगवलेल्या केसांना 150 अंश सेल्सियसच्या आसपास पुरे. मध्यम केसांना 160 ते 180. फार दाट, राठ केसांना 190. दोनशेच्या वर जायचं काहीच कारण नाही, यंत्रात सोय असली तरी. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशकर्त्याने 1872 च्या सुमारास गरम चिमट्याने लाटा पाडायची पद्धत आणली, आणि त्या लाटांना त्याचंच नाव पडलं. तेव्हा चिमटा आचेवर तापवायचे आणि केसाला लावण्याआधी कागदावर टेकवून बघायचे. कागद करपला तर थांबायचं. तुमच्या टाँगवर तापमानाचा आकडा दिसत नसेल तर ही तपासणी आजही करण्यासारखी आहे. पातळ टिश्यू कागद चिमटीत धरा, पाच सेकंदांत तो पिवळा पडला तर बटण बंद करा आणि थोडं निवू द्या.

एकदा बहिणीच्या साखरपुड्याला घाईत मी अर्धवट ओल्या केसाला टाँग लावला. चर्र असा आवाज झाला, वाफ आली, आणि मला वाटलं छान, लवकर होतंय. केसातलं पाणी तापून त्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसली की केसाच्या आतच बुडबुडे धरतात. त्वचेचे डॉक्टर त्याला 'बबल हेअर' म्हणतात. ती बट महिनाभरात मधोमध तुटली. कानाशी उभी राहिलेली ती आखूड शेंडी पुढचे आठ महिने प्रत्येक फोटोत आहे. चर्र आवाज आला की हात मागे घ्या, एवढं लक्षात ठेवा.

रिबाँडिंग किंवा स्मूदनिंग केलेल्या केसांबद्दलही सांगायला हवं. त्या केसाच्या पक्क्या गाठीच रसायनाने सोडून सरळ बांधलेल्या असतात. तिथे लाट बसते फार कष्टाने आणि उतरते लवकर, आणि केस आधीच नाजूक झालेला असतो. तुम्ही ते केलं असेल तर रात्रीच्या वेणीवर समाधान माना, टाँग नको.

धरून ठेवायला काय लावाल

निसरड्या केसाला पकड देण्यासाठी काहीतरी लागतं. बाजारातलं मूस हा सोपा उपाय: अंड्याएवढा फेस घेऊन दमट केसांना कानाखाली लावा आणि मग वेणी घाला. पण घरात जवस असेल तर ते विकत आणायची गरज नाही. चटणीचेच जवस, न भाजलेले. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत होतं. तेव्हाच, गरम असतानाच, पातळ फडक्यातून गाळून घ्या. गार झालं की गाळणं अशक्य होतं आणि फडकं टाकून द्यावं लागतं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की फेकायचं. केसांना अगदी थोडं, अक्षरशः एका बोराएवढं घ्या. जास्त लावलं तर वाळल्यावर पांढरे पापुद्रे पडतात आणि लोक कोंडा समजतात.

मिठाच्या पाण्याचा फवाराही असतो. समुद्रात डुंबून आल्यावर केसांना जो खरबरीतपणा येतो, तोच तो. कपभर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि थोडी कोरफडीची जेल, बस. पकड चांगली येते, पण मीठ केस कोरडे करतं, म्हणून महिन्यातून एक-दोनदाच, आणि रंगवलेल्या केसांवर नकोच. पावसाळ्यात तर हा फवारा उलटा पडतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं.

शेवटी हेअर स्प्रे. तो एक हात लांबून, डोळे मिटून, एकदाच. स्प्रे आधी आणि विस्कटणं नंतर, असा क्रम ठेवू नका. लाट चिकटून बसते आणि विस्कटताना तुटते. वर उडणारे चुकार केस बसवायला जुन्या टूथब्रशवर स्प्रे मारून तो हलक्या हाताने फिरवा.

हवा, हेल्मेट आणि गजरा

तुम्ही राहता कुठे यावर यातलं काय चालेल ते ठरतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत टाँगच्या गुळगुळीत लाटांचा अट्टहास करू नका. चर्चगेटला उतरेपर्यंत त्या सपाट झालेल्या असतात. वेणीची लाट मुळातच जराशी विस्कटलेली असल्याने दमट हवेत ती बिघडली तरी कळत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उलटं. तिथे लाट दिवसभर टिकते, पण केस कोरडे पडून अंगावरच्या नायलॉनला चिकटतात. तळव्यावर सीरमचा एक थेंब चोळून टोकांवरून फिरवा.

दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी वेगळा विचार हवा. हेल्मेटखाली वरचे केस दबणारच, त्यामुळे लाट कानाच्या खालीच पाडा. वर पाडलेली लाट हेल्मेटला अर्पण होते. त्याहून चांगलं म्हणजे घरून निघताना लाटा सोडूच नका. दमट केसांची सैल वेणी घाला, ती स्कार्फच्या आत घ्या, हेल्मेट चढवा. तासाभराच्या प्रवासात केस वाळतात. पोचल्यावर पार्किंगमध्ये आरशात बघून वेणी सोडा. पुण्याच्या ट्रॅफिकचा एवढा तरी उपयोग व्हावा.

लग्नकार्यात मोकळ्या लाटांवर गजरा माळायचा असेल तर तो लाटांवर अडकवू नका. मोगऱ्याचा भरगच्च गजरा चांगला जड असतो, शिवाय त्यावर पाणी शिंपडलेलं असतं. दोन तासांत त्याखालचे केस सरळ. आधी कानामागून दोन बारीक बटा मागे नेऊन आकड्यांनी एकमेकींवर घट्ट बसवा, त्या बटांवर गजरा टोचा आणि खालचे केस त्याच्या भाराबाहेर ठेवा. गजरा आधी फडक्यावर टिपून घ्या.

रात्री लाटा दुसऱ्या दिवसासाठी राखायच्या असतील तर केस डोक्याच्या अगदी वर सैल अंबाड्यात गोळा करा आणि उशीला सॅटिनचा अभ्रा घाला, किंवा जुना रेशमी ब्लाऊजपीस अंथरा. सकाळी फक्त पुढच्या दोन-तीन बटांना पाण्याचा हात लावून पिळून आकड्यांनी बसवा, तेवढ्याच वाळवा. न्हाताना आधी स्प्रे आणि मूस निघेल असा शाम्पू दोनदा करा आणि मगच कंगवा घाला. स्प्रेसकट कोरडे केस विंचरायला घेतले तर कंगव्यात मूठभर केस येतात.

आणि सगळं करूनही पंगत बसायच्या आधीच लाटा उतरल्या तर? पर्समध्ये चार आकडे आणि एक क्लचर असू द्या. उरलेली लाट अजून केसात असतेच, सुताइतका सरळपणा आलेला नसतो. केस मानेपाशी सैल पिळून बुचडा बांधा, कानाजवळच्या दोन बटा मोकळ्या सोडा. पिळलेल्या, दबलेल्या लाटेमुळे तो बुचडा भरलेला दिसतो, आणि तास-दीड तासाने घामाने ओलावलेले केस त्यात वाळले की सोडून बघा.